कंट्रोलमधलं पाणी

सकाळी मायक्रोस्कोपखाली पहिली डिश ठेवली आणि मला वाटलं, माझ्या हातून लेबलांची अदलाबदल झाली. डिशमधल्या माशांच्या पिल्लांच्या शेपट्या वाकड्या होत्या. काहींच्या तर पार वर वळल्या होत्या, गळासारख्या. हृदयाभोवती पाण्याचा फुगा धरला होता आणि त्या फुग्यात हृदय ताणलेल्या दोऱ्यासारखं लांबट होऊन कसंबसं हलत होतं. मी डिश उचलून लेबल वाचलं. कंट्रोल. खाली ठेवली, पुन्हा उचलली. अक्षर माझंच होतं.

कंट्रोल म्हणजे ज्या डिशमध्ये आपण काहीही वाईट घातलेलं नसतं ती. नुसतं चांगलं पाणी आणि अंडी. बाकीच्या डिशमध्ये काय बिघडलं ते या डिशशी ताडून बघायचं असतं. तीच बिघडली तर बाकी कशालाच अर्थ उरत नाही.

मी तेव्हा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या कॉलेजात संशोधन म्हणावं असं फारसं काही व्हायचं नाही. पण आमच्या एका मॅडमनी त्यांच्या पीएचडीसाठी झेब्रा माशांवर काम केलं होतं. त्यांनी प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली साफ करून घेतली आणि तिथे काचेच्या टाक्या मांडल्या. हा मासा बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे, कुठल्याही ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतो. त्याचं अंडं मात्र बघण्यासारखं. काचेसारखं पारदर्शक, आत जे घडतंय ते सगळं बाहेरून दिसतं. आज सकाळी घातलेलं अंडं उद्या बघावं तर त्यात डोळे, कणा आणि धडधडणारं हृदय. पहिल्यांदा ते हृदय दिसलं तेव्हा मला ओरडावंसं वाटलं होतं. प्रयोगातली माझी जोडीदारीण तर खरंच ओरडली होती.

ती उत्तनजवळच्या चौक गावची. मासेमारी करणाऱ्या ख्रिश्चन घरातली, वडिलांची स्वतःची होडी. कॉलेजात आमच्यासारखंच बोलायची, पण घाबरली किंवा चिडली की घरची बोली बाहेर यायची. प्रयोगाचा विषय तिनेच सुचवला होता. खाडीकडे जाणाऱ्या नाल्याचं पाणी माशांच्या वाढीवर काय करतं? खारी गावाच्या मागे कारखान्यांचे गाळे आहेत, त्यांच्या पाठीमागून तो नाला वाहतो. आम्ही दोघी नाकाला ओढणी बांधून तिथून बाटल्या भरून आणायचो. त्या पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणात चांगलं पाणी मिसळायचं, प्रत्येक डिशमध्ये अंडी सोडायची आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत रोज बघत राहायचं.

सुरुवातीच्या फेऱ्या छान गेल्या. नाल्याच्या पाण्यातली अंडी उशिरा फुटायची, काही पिल्लं वाकडी निघायची, आणि कंट्रोलमधली सुईसारखी सरळ. मग उन्हाळा आला. कॉलेजात टँकरचं पाणी येऊ लागलं. त्याला कधी वास, कधी रंग. मॅडम म्हणाल्या, डिशसाठी हे पाणी वापरायचं नाही, दुसरीकडून चांगलं आणा, आणि क्लोरीन उडून जाईल असं एक दिवस उघडं ठेवलेलं असू दे.

मी म्हटलं, "आमच्याकडे घरी ड्रम आहे, मॅडम. त्यात पाणी साठवलेलंच असतं."

त्या दिवसापासून मी गोडदेवच्या आमच्या घरून एक कॅन भरून रिक्षाने कॉलेजला न्यायला लागले. त्यानंतरच्या पहिल्याच फेरीत कंट्रोल बिघडलं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी डिश बघितली, चष्मा डोक्यावर चढवला आणि म्हणाल्या, "माशांनी काही चुकीचं केलेलं नाही. आपण केलंय. शोधा."

मग शोध सुरू झाला. काचेची सगळी भांडी आम्ही पुन्हा धुतली, मॅडम समोर उभ्या राहून बघत होत्या. हीटरचं तापमान तपासलं. अंडी दुसऱ्या टाकीतली घेतली. मी हाताला लावायची क्रीम बंद केली. पिपेट नवीन आणले. पुन्हा अंडी सोडली आणि पुन्हा तेच झालं. नाल्याच्या पाण्याच्या डिशमध्ये आणि कंट्रोलमध्ये आता काडीचा फरक दिसत नव्हता.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आली होती. वर्गातल्या एका मुलाने सुचवलं, "मार्चमधले कंट्रोलचे फोटो आहेत ना तुमच्याकडे? तेच लावा. कोण विचारणारे?"

जोडीदारीण त्याच्यावर अशी काही उखडली की तो पुन्हा आमच्या टेबलाकडे फिरकला नाही. तो गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"सगळं बदलून झालं. एकच बदललं न्हाय आपण. पानी."

"पाणी काय? आमच्या घरचं पाणी आहे ते," मी म्हटलं. "आम्ही पितो ते."

मी बोलले खरी, पण वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मीच गप्प झाले. खिडकीतल्या एअर पंपाचा बुडबुड आवाज तेवढा येत राहिला.

आमच्या घरात तेव्हा चार माणसं. आई, दादा, वहिनी आणि मी. बाबा निवृत्त झाल्यापासून बहुतेक गावालाच, रत्नागिरीकडे असतात. वहिनीला पाचवा महिना लागला होता. आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी एक दिवसाआड आणि तेही कमी दाबाने, वरच्या मजल्यावर चढायचंच नाही. खालून बादल्या भरून आणाव्या लागायच्या. वहिनीला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात दादा एक मोठा निळा ड्रम आणि छोटी मोटर घेऊन आला. "आता हिने बादली उचलायची नाही," असं त्याने दारातच जाहीर केलं होतं. आईने ड्रमला हळदकुंकू लावलं होतं. वहिनी लाजली होती.

पाणी यायचं त्या दिवशी ड्रम भरायचा आणि दोन दिवस त्यावर काढायचे. स्वयंपाक, पिणं, सगळं त्याच पाण्यावर. वहिनी तर पाणी उकळून, गाळून प्यायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भरपूर पाणी पी.

त्या दुपारी कॉलेजातून येताना मी तिच्यासाठी बाटलीचं पाणी विकत घेतलं. का घेतलं ते मी मलाही नीट सांगितलं नव्हतं. तिला म्हटलं, "उन्हाळा आहे, हे पी." दुसऱ्या दिवशीही आणलं. ती हसून प्यायली.

मॅडमना मी ड्रमबद्दल सांगितलं. त्यांनी टेबलावरचं पेन उचलून कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "तीन पाणी घ्या. तुझ्या ड्रममधलं. तुझ्याच नळाचं, थेट काचेच्या बाटलीत धरून उघडं ठेवलेलं. आणि तिसरं कुठलं तरी पूर्ण वेगळं."

"आमच्या बावीचं आनते," जोडीदारीण लगेच म्हणाली. बाव म्हणजे त्यांच्या अंगणातली विहीर. "माझ्या आजीपासून सगळी तेच पितात."

"आण. पण डिशवर कुठलं पाणी ते लिहायचं नाही. नुसते आकडे घाला, आणि ते तू घाल," मॅडम तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट केलं. "आणि बघायचं हिने. हिला कळता कामा नये."

दुसऱ्या दिवशी जोडीदारीण चौकवरून बसने पाण्याची बरणी मांडीवर घेऊन आली. अंडी सोडली गेली. त्यानंतरची सकाळ आणि त्याच्या पुढची सकाळ मी कशी काढली ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की घरी आई डाळ शिजवत होती आणि मी ड्रममध्ये बुडणाऱ्या तांब्याकडे बघत उभी होते. "अशी काय बघतेस, भूक लागली का?" आई म्हणाली. बोलायला तोंड उघडलं की वाटायचं, आधी खात्री होऊ दे. आणि तांब्या पुन्हा बुडला की वाटायचं, खात्री होईपर्यंत किती वेळा बुडणार आहे हा.

ठरलेल्या सकाळी मी खुर्चीत बसले. मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या. जोडीदारीण दाराजवळ, आकड्यांची चिठ्ठी मुठीत धरून. तिने एकेक डिश पुढे सरकवायची आणि मी बघून सांगायचं.

पहिली डिश. पिल्लं सरळ. एक माझ्या उजेडाने दचकून सुळकन पळालं. "नॉर्मल," मी म्हटलं.

दुसरी. शेपट्या वळलेल्या. फुगलेल्या छात्या. दोन अंड्यांत पिल्लू वाढायचंच थांबलेलं, आत नुसता करडा गोळा. मी डोळा काचेवरून काढला नाही. "ही खराब आहे."

तिसरी. सरळ. हृदयं इतकी स्वच्छ दिसत होती की त्यातून रक्ताचे ठिपके जाताना दिसत होते. "नॉर्मल."

मी वळून बघितलं तर जोडीदारीण चिठ्ठीकडे बघतच नव्हती. तिला पाठ होतं.

"दुसरी कुणाची?" मी विचारलं.

"तुमचा ड्रम हाय," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी रडले नाही. मला फक्त घरी जायचं होतं.

मॅडमनी मला थांबवलं. मला समोर बसवून त्या हळूहळू बोलल्या. "हे माशाचं अंडं आहे. ते थेट पाण्यात पडलेलं असतं. तुझ्या वहिनीच्या बाळाभोवती तिचं सगळं शरीर आहे. पाणी तिच्या पोटातून, लिव्हरमधून, नाळेतून जातं. बाळाला काही झालंय असं ह्यावरून म्हणता येत नाही. कळलं?"

"आणि काही झालं नाही असं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तेही म्हणता येत नाही. पण ते पाणी आज बंद झालं पाहिजे."

घरी पोचले तेव्हा आई बाजारात गेली होती. मी ड्रम तिरका करून मोरीत ओतायला सुरुवात केली. आदल्याच दिवशी भरलेला होता, जड होता, धो धो आवाज झाला. तेवढ्यात आई जिना चढून आली.

"अगं वेडी झालीस का? उद्यापर्यंत पाणी यायचं नाही! काय करतेस काय?"

"ड्रम खराब झालाय, आई."

"खराब झाला तर घासू. ओततेस कशाला सगळं? खाली जाऊन भरून आणणारेस तू?"

वहिनी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती. एक हात चौकटीला, एक पोटावर. आईचा आवाज ओसरेपर्यंत ती थांबली. मग मला म्हणाली, "चार-पाच दिवस झाले, तू माझ्यासाठी बाटलीचं पाणी आणतेस. आईंसाठी नाही आणत. स्वतःसाठी नाही आणत. मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

मग मी सांगितलं. मोरीजवळ ओल्या पायांनी उभी राहून सांगितलं. अंडी, डिश, तीन पाणी. मॅडमनी जसं सांगितलं होतं तसंच, बाळाला काही झालंय असं म्हणता येत नाही, हे तर मी दोनदा सांगितलं. आई मटकन पाटावर बसली. वहिनी उभीच होती.

"कसे झाले ते?" तिने विचारलं.

"कोण?"

"तुझे मासे."

मी ड्रम पुन्हा सरळ केला.

"मला दाखव," ती म्हणाली.

संध्याकाळी दादा आला. त्याला आईने सांगितलं, आणि तो सरळ माझ्यावर आला. "तू काय डॉक्टर आहेस का? अर्ध्या गोडदेवात हेच ड्रम आहेत! लोक वर्षानुवर्षं वापरतायत. मासे मेले म्हणून तू हिला घाबरवतेस? तिची अवस्था कळते का तुला?"

"दादा, ड्रम कुठून आणलास?"

"दुकानातून."

"कुठल्या?"

तो थांबला. "भंगारवाल्याकडून," तो म्हणाला. "नवा फार महाग होता. तो म्हणाला धुतलेला आहे. मी स्वतः पण धुतला, सोड्याने. तू होतीस ना इथे? बघितलंस ना मला धुताना?" त्याचा आवाज चढत चढत मध्येच तुटला. तो तसाच चपला घालून बाहेर पडला.

बऱ्याच वेळाने परत आला. भंगारवाल्याने सांगितलं होतं, "भाई, फॅक्टरी का माल है, धुला हुआ आता है. अंदर क्या था हमको क्या मालूम?" ड्रमच्या अंगावर पूर्वी कागद चिकटवलेला होता, तो खरवडून काढला होता. दादाने बॅटरी घेऊन आत, बाहेर, बुडाशी सगळीकडे बघितलं. गोंदाच्या पिवळट डागाशिवाय काही नव्हतं. वास घेतला. वास पण नव्हता. तो ड्रमशेजारी जमिनीवर बसून राहिला. वहिनी त्याच्याजवळ जाऊन बसली. मी आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याबरोबर कॉलेजला आली. मॅडमना मी आधी फोन केला होता. त्यांना पटलं नव्हतं, पण त्या नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी वहिनीला खुर्ची दिली, मायक्रोस्कोप तिच्या उंचीला करून दिला, आणि आधी चांगली डिश ठेवली. वहिनीला सुरुवातीला काहीच दिसेना. मी तिचा हात धरून चाकावर ठेवला, "हे हळूच फिरव." मग ती एकदम श्वास आत घेऊन थांबली.

"हे हलतंय ते?"

"हृदय."

ती खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आता दुसरी." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी डिश बदलली.

तिचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त मान दिसत होती. मानेवरची शीर उडत होती. "ह्यांना दुखत असेल का गं?" तिने डोळा न काढता विचारलं. मॅडम म्हणाल्या, एवढ्या लहान वयात बहुधा कळत नसावं. वहिनीने मान हलवली. रिक्षात बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "बरं झालं बघितलं. काल डोक्यात जे येत होतं ते ह्याच्यापेक्षा वाईट होतं."

पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात होती. त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. दादा रोज कामावरून येताना सीलबंद जार घेऊन यायचा, खांद्यावरून जिना चढवायचा, आणि कुणी मदतीला गेलं की "राहू दे" म्हणायचा. आई देवापुढे बसली की उठायचीच नाही. मी कॉलेजला जाऊन अंड्यांकडे बघायचे, घरी येऊन वहिनीच्या पोटाकडे बघायचं टाळायचे.

सोनोग्राफी सेंटरमध्ये आत एकालाच जाता येईल असं तिथल्या बाईंनी सांगितलं. दादा उठला. वहिनी म्हणाली, "तुम्ही बसा. हिला येऊ दे. हिला बघता येतं." दादाच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. तो पुन्हा बसला.

आत अंधार होता आणि एसी फार थंड. डॉक्टर मध्यमवयीन, कमी बोलणाऱ्या. पडद्यावर राखाडी धुरळा हलत होता. मला काहीच कळेना. मी इतके दिवस जे बघत होते त्यात आणि ह्यात काहीच साम्य नव्हतं. तिथे सगळं स्वच्छ दिसायचं, इथे सगळं धुक्यात. डॉक्टर माप घेत होत्या, बटण दाबत होत्या, गप्प होत्या. एका ठिकाणी त्यांचा हात थांबला आणि त्यांनी तोच भाग पुन्हा पुन्हा बघितला. वहिनीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नंतर तिथे नखांचे व्रण दिसले.

"काय आहे?" वहिनीने विचारलं.

"थांबा जरा. बाळ वळत नाहीये." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हं. वळलं. हे बघा, हृदय. चारही कप्पे दिसतायत. कणा सरळ आहे."

वहिनीने मग ड्रमचं सगळं सांगितलं, एका दमात. डॉक्टरांनी मशीनवरचा हात बाजूला घेतला आणि पूर्ण ऐकून घेतलं. "कुठलं केमिकल होतं?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मग मी काय सांगू? आज जे दिसायला पाहिजे ते सगळं ठीक दिसतंय. पण ह्यात सगळं काही दिसत नाही. ते पाणी बंद केलंत ना? बरं केलंत."

बाहेर दादा उभा होता. वहिनीने नुसती मान हलवली. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. रिसेप्शनवरच्या बाईंना वाटलं काहीतरी वाईट झालं, त्या पाणी घेऊन धावत आल्या.

पण प्रश्न आमच्या एका घराचा नव्हता. आमच्याच मजल्यावर आणखी निळे ड्रम होते. मॅडमनी त्यांच्या जुन्या संस्थेतल्या मैत्रिणीला फोन करून विचारलं, ड्रममधल्या पाण्यात काय आहे ते तपासून मिळेल का. ती म्हणाली, कशासाठी तपासायचं ते आधी सांगा. हजार गोष्टी असू शकतात, प्रत्येकीची चाचणी वेगळी. मॅडम फोन ठेवून आम्हाला म्हणाल्या, "आपल्याकडे अंडी आहेत. नाव नाही सांगता येणार, पण पाणी वाईट आहे का तेवढं सांगता येईल." नाल्याचा विषय बाजूला पडला.

मी आणि जोडीदारीण घरोघर बाटल्या घेऊन फिरलो. काहींनी लगेच पाणी दिलं. काहींनी दार लावून घेतलं. शेजारच्या काकी, ज्या मला लहानपणी भरवायच्या, त्या म्हणाल्या, "बेटा, हमारे ड्रम में कुछ नहीं है. तू पढ़-लिख गई तो अब सबके घर में कीड़े निकालेगी?" मी म्हटलं, "काकी, सिर्फ एक बोतल." त्यांनी बाटली भरून दिली, पण माझ्या हातात दिली नाही, उंबऱ्यावर ठेवली.

बहुतेकांची डिश चांगली निघाली. ते सांगताना मला इतकं हलकं वाटायचं की मी जिना दोन-दोन पायऱ्या चढायचे. काकींचीच वाईट निघाली. आमच्याइतकी नाही, पण वाईट. त्यांच्याकडे दोन लहान नातवंडं. मी दार वाजवलं तेव्हा माझ्याबरोबर दादा आला. मी न बोलावता आला. त्यानेच सांगितलं, त्याच्या मोडक्या हिंदीत, "काकी, मैंने भी वहीं से लाया था. मैंने भी धोया था." दोन दिवसांनी त्यांचा ड्रम संडासाच्या पाण्यासाठी हलवलेला दिसला. पुढे कित्येक महिने त्या आमच्याशी बोलत नव्हत्या.

स्पर्धेत परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ड्रममध्ये नेमकं कोणतं रसायन होतं?"

"माहीत नाही, सर," जोडीदारीण म्हणाली.

"मग तुमचा निष्कर्ष काय?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "वापरलेल्या ड्रममध्ये पिण्याचं पाणी ठेवू नये."

सभागृहात कुणीतरी हसलं. परीक्षकांनी कागदावर काहीतरी टिपलं. आम्हाला बक्षीस मिळालं नाही. मॅडमनी आम्हाला खाली कँटीनमध्ये नेऊन मिसळ खाऊ घातली आणि स्पर्धेविषयी चकार शब्द काढला नाही.

वहिनीला मुलगी झाली, वेळेवर, आणि जन्मल्या जन्मल्या रडली. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, ठीक आहे. आईने पेढे वाटले. काकींकडे पण पाठवले, आणि ताट रिकामं परत न येता त्यात साखर घालून आलं.

मला वाटलं होतं, आता संपलं. संपलं नाही. मी एम.एस्सी.ला गेले, पण घरी आले की भाचीकडे बघत बसायचे. टाळी वाजवली तर वळते का. दोन्ही पाय सारखे हलवते का. तिच्या वयाची मुलं काय करतात ते मी वाचलेलं होतं आणि मनातल्या मनात ताडून बघायचे. पण ताडायला दुसरी ती नव्हती ना, जी ते पाणी न पिता वाढली असती. ती उशिरा बोलायला लागली. डॉक्टर म्हणाले, काही मुलं उशिरा बोलतात. दादा त्या दिवशी जेवला नाही.

एका रविवारी ती जमिनीवर बसून डबे एकावर एक रचत होती. डबा पडायचा, ती पुन्हा रचायची. मी पलंगावरून तिच्या बोटांकडे बघत होते, पकड कशी आहे, डावा हात मागे पडतो का. वहिनी भाजी निवडत होती. तिने मान वर न करता मला हाक मारली.

"तुझं ते बघणं मला कळतं," ती म्हणाली. "मीही करते. तिचे बाबाही करतात. झोपलेली असली की तिघं तीन बाजूंनी बघतो आपण."

मी भाचीच्या बोटांवरून नजर काढली.

"आता तिला भूक लागलेय. उचल आणि भात भरव. मला ही मेथी संपवायचीये."

मी तिला उचललं. ती जड झाली होती आणि उचलल्याबद्दल भयंकर चिडली. तिने डबा माझ्या कपाळावर हाणला, चांगला टेंगूळ येईल इतका, आणि भात पूर्ण संपेपर्यंत मला केस धरून ओढत राहिली.